विमानाचं स्वप्न आणि मिरचीचा भाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

नंदुरबार आणि विमान हे दोन शब्द एका वाक्यात आले की ऐकणाऱ्याला थोडं हसू येतं. आमच्या जिल्ह्यात विमानतळ नाही. तापीच्या खोऱ्यातून सुरत-भुसावळ रेल्वे आली, एसटी सातपुड्यात धडगावपर्यंत चढली. विमान मात्र आभाळातली पांढरी रेघ एवढंच राहिलं. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत इथल्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ६९ टक्के होता आणि साक्षरतेत जिल्हा राज्यात शेवटी होता. ऊसतोडीच्या हंगामात इथली कितीतरी कुटुंबं गुजरातकडे जातात. अशा ठिकाणी मुलांनी वैमानिक व्हावं की नाही, याची चर्चा कशाला, असं कुणालाही वाटेल.

पण चर्चा सुरू झाली आहे. शहाद्याला लागूनच असलेल्या शिरपूर तालुक्यात वैमानिक प्रशिक्षणाची अकादमी आहे. धुळ्याच्या धावपट्टीवर मुंबई फ्लाइंग क्लबचे विद्यार्थी उडतात. जळगावच्या विमानतळावरही प्रशिक्षण सुरू झालं. एकेकाळी मुंबईच्या जुहूपुरती असलेली ही विद्या खानदेशात आली आहे. आपल्या डोक्यावरून रोज घरघरत जाणारं छोटं विमान आपल्याच वयाचं कुणीतरी चालवतंय, हे एकदा कळलं की मुलं गप्प बसत नाहीत. मग ती आईवडिलांना विचारतात, आणि आईवडील माझ्यासारख्या मास्तरला.

मी इतिहास शिकवला, विमान नाही. तरी गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे अनेकदा आला. शहाद्याकडचे एक शेतकरी मला म्हणाले, "सर, पोरगा पायलट व्हायचं म्हणतो. चार एकर काढावे लागतील. आता करावं, का जरा दिवस बरे येईपर्यंत थांबावं?" या प्रश्नातला 'दिवस बरे येईपर्यंत' हा भाग मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर इतिहासात सापडतं. हिंदुस्थानातल्या वैमानिकांच्या साधारण शंभर वर्षांत बरे दिवस कधी होते आणि ते किती टिकले, ते आधी पाहू.

१० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिला गेलेला तो पहिला परवाना. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि जगभर मंदी पसरली. कापसाचे भाव आपटले, म्हणजे खानदेशाच्या घराघरांत ती मंदी पोचली. याच सुमारास नेव्हिल व्हिन्टसेंट नावाचे ब्रिटिश हवाई दलातले माजी वैमानिक जेआरडींकडे हवाई टपालाची योजना घेऊन आले. टाटा घराण्याचे प्रमुख सर दोराबजी राजी नव्हते. कंपनीतले ज्येष्ठ जॉन पीटरसन यांनी शब्द टाकला, तेव्हा कुठे दोन लाख रुपये मंजूर झाले. सरकारकडे अनुदान मागितलं, तर सरकारने तंगीचं कारण पुढे केलं. शेवटी टाटांनी अनुदानाशिवाय काम करायचं मान्य केलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी पुस मॉथ जातीच्या इवल्याशा विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा व्हिन्टसेंट यांनी नेला. जुहूचा माळ पावसाळ्यात पाण्याखाली जाई, मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे.

ही गोष्ट भाषणांत नेहमी सांगितली जाते आणि तिचा अर्थ 'मंदीत घाबरू नका, उडी घ्या' असा लावला जातो. मला तो अर्थ अपुरा वाटतो. जेआरडींनी उडी घेतली हे खरंच. पण खाली टाटांचं घर जाळं धरून उभं होतं. योजना बुडाली असती तर दोन लाख गेले असते, घर गेलं नसतं.

त्याच काळातला दुसरा मुलगा पाहा. आगाखानांनी इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा हिंदुस्थान ते इंग्लंड एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकाला ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं होतं. १९३० साली अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा पोरगा इंग्लंडहून निघाला, तर जेआरडी कराचीहून. इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग त्याला दिले आणि अस्पी काही तासांच्या फरकाने जिंकला. इथवरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पुढे अस्पीने काय केलं? तो नव्याने उभ्या राहत असलेल्या हवाई दलात गेला. पगार सरकारचा, विमान सरकारचं, शिक्षणाचा खर्च सरकारचा. १९६० मध्ये तो भारताचा हवाई दलप्रमुख झाला. एकाच शर्यतीतल्या या दोघांपैकी एकाची जोखीम घराण्याने उचलली, दुसऱ्याची सरकारने.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटलं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगलोरला विमानाचा कारखाना काढला. युद्धासाठी वैमानिक भराभर तयार झाले. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याची डाकोटा विमानं स्वस्तात विक्रीला निघाली, आणि ज्याच्याकडे थोडं भांडवल तो विमान कंपनी काढू लागला. वैमानिकांना सुगीचे दिवस आले. ते किती टिकले? १९५० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. धंद्याच्या मानाने कंपन्या फार झाल्या आहेत, त्यांचं एकत्रीकरण करावं, असा समितीचा निष्कर्ष होता. काही कंपन्या तोवर बुडालेल्याही होत्या. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं आणि आठ देशी कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. परदेशी वाहतूक एअर इंडियाकडे गेली.

पुढची जवळजवळ चाळीस वर्षं आपल्याकडे प्रवासी वैमानिकाला मालक दोनच, आणि दोन्ही सरकारी. जागा थोड्या, वशिल्याची कुजबुज भरपूर. पण एकदा नोकरी लागली की निवृत्तीपर्यंत घोर नाही. या काळात सामान्य घरातल्या हुशार मुलांना थोडी वाट मिळाली. मुलींनाही मिळाली. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली कोलकाता-सिलचर मार्गावर सर्व महिला कर्मचाऱ्यांचं फोकर फ्रेंडशिप विमान उडालं. एक मराठी बाई विमानाची कप्तान आहे, हे वाचून महाराष्ट्रातल्या किती मुलींनी मान वर करून आभाळाकडे पाहिलं असेल! त्याच वर्षी उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी स्थापन झाली. वैमानिक घडवणं हे सरकारचं काम आहे, असं मानणारा तो काळ होता.

१९९१ नंतर दारं उघडली. ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी अशी नावं धडाधड आली आणि १९९७ उजाडेपर्यंत यातली बहुतेक पुसली गेली. टिकल्या त्या जेट आणि सहारा. २००३ मध्ये स्वस्त तिकिटांची एअर डेक्कन आली, मागोमाग किंगफिशर, स्पाइसजेट, गोएअर, इंडिगो. वैमानिक कमी पडले, परदेशांतून आणावे लागले. वर्तमानपत्रांत वैमानिकांच्या पगाराचे आकडे झळकू लागले. हजारो घरांनी जमिनी, दागिने, भविष्य निर्वाह निधी मोडून मुलांना अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, फिलिपाइन्समध्ये शिकायला पाठवलं. आणि २००८ आलं. जुलैमध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढलं, सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली, ऑक्टोबरमध्ये जेटने सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी बसवलं आणि आरडाओरड झाल्यावर दुसऱ्या दिवशी परत घेतलं. तेजीच्या बातम्या वाचून शिकायला गेलेली मुलं परवाना घेऊन परतली ती नेमकी या वेळी. परवाना हातात, नोकरी नाही, बँकेचा हप्ता चालू.

ही कहाणी ऐकली की मला नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या आठवतात. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे गणित कुणी शिकवावं लागत नाही. एका वर्षी मिरचीला भाव मिळतो, दुसऱ्या वर्षी जो तो मिरची लावतो आणि माल बाजारात येतो तेव्हा भाव पडलेला असतो. लागवडीच्या दिवशीचा भाव आणि तोडणीच्या दिवशीचा भाव हे दोन वेगळे भाव असतात. वैमानिकाचंही तेच. मात्र दोन फरक आहेत. मिरचीचं पीक एका हंगामात हाती येतं. वैमानिक तयार व्हायला दोन-तीन वर्षं सहज जातात. दुसरं, मिरची वाळवून, भाव येईपर्यंत शीतगृहात ठेवता येते. परवाना तसा ठेवता येत नाही. वैद्यकीय तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, उड्डाणाचा सराव चालू ठेवावा लागतो, आणि त्या प्रत्येक तासाला पैसे पडतात. नोकरी नसलेल्या वैमानिकाला आपला माल टिकवण्यासाठीच रोज खर्च करावा लागतो.

पुढचा इतिहास ताजा आहे. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये किंगफिशर बंद पडली. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटचं शेवटचं विमान उडालं. २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमानसेवा पूर्ण थांबली. त्या वर्षी देशात व्यावसायिक वैमानिकाचे ५७८ परवाने दिले गेले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, त्या वर्षी परवान्यांचा आकडा १,६२२ वर गेला. आणि त्याच २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट बंद पडली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोला वैमानिक पुरेनात आणि हजारो उड्डाणं रद्द झाली. तेजी आणि मंदी एकाच वर्षात, कधी कधी एकाच महिन्यात, शेजारी शेजारी उभ्या दिसतात.

इथे एक बारकावा समजून घेतला पाहिजे, कारण जाहिराती तो सांगत नाहीत. 'देशात वैमानिकांचा तुटवडा' ही बातमी खरी असते, पण टंचाई असते ती मुख्यतः कप्तानांची. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. कप्तान होण्यासाठी लागणारा वरचा परवाना १,५०० तासांशिवाय मिळत नाही, आणि ते तास नोकरीतच भरतात. म्हणजे कंपनीला वरच्या पायरीवरची माणसं हवी असतात आणि रांग खालच्या पायरीवर लागलेली असते. शिवाय नव्या मुलाला मोठ्या विमानावरचं खास प्रशिक्षण, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, बऱ्याचदा स्वतःच्या पैशाने करावं लागतं. सगळं धरून खर्च पन्नास लाखांच्या बराच पुढे जातो.

तर मग शंभर वर्षांचा हिशेब काय सांगतो? बऱ्या दिवसांची वाट पाहून निर्णय घेता येत नाही. निर्णयाच्या दिवशी दिसणारा बाजार आणि परवाना हाती येण्याच्या दिवशीचा बाजार यांचा संबंध फार थोडा असतो. २००७ मध्ये सगळं हिरवंगार दिसत होतं, तेव्हा शिरले ते अडकले. २०२० मध्ये सगळं काळं दिसत होतं, तेव्हा ज्यांनी नेटाने शिकायला सुरुवात केली त्यांच्यापैकी अनेकांना बाहेर पडताना बाजार उघडलेला मिळाला. दोन्ही वेळी भविष्य कुणालाच दिसत नव्हतं. 'आता करावं का थांबावं' यापेक्षा विचारण्याजोगा प्रश्न दुसरा आहे. परवाना मिळाल्यावर तीन वर्षं नोकरी लागली नाही, तर हे घर उभं राहील का? १९३२ मध्ये याचं उत्तर टाटांचं घराणं देत होतं. १९५३ नंतर सरकार देत होतं. १९९१ नंतर ते उत्तर देण्याची पाळी चार एकरांच्या मालकावर आली आहे. इतिहासात झालेला मोठा बदल हा आहे, आणि त्याची चर्चा आपण फार कमी करतो.

म्हणून त्या शेतकरी दादांना मी सांगितलं, जमीन विकून हे करू नका. मुलाला नाही म्हणा, असं मात्र मी सांगितलं नाही. आधी मुलाची वैद्यकीय तपासणी करून घ्या. डोळे, कान, हृदय यांत वैमानिकाला अपात्र ठरवणारा दोष निघाला, तर तो काही हजारांत कळावा, पन्नास लाख गेल्यावर नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित पक्कं हवं. त्याबरोबर पदवी किंवा दुसरं एखादं पोट भरणारं शिक्षण हवं, कारण मंदीत तग धरतो तो दुसरी भाकरी असलेला. फुरसतगंजची सरकारी अकादमी प्रवेश परीक्षा घेते आणि तिथे राखीव जागा आहेत. खडकवासल्याच्या एनडीएतून हवाई दलात जाणाऱ्याला उडायला शिकण्यासाठी एक रुपयाही द्यावा लागत नाही, आणि २०२२ पासून तिथे मुलीही आहेत. अस्पी इंजिनिअरने धरलेला तो रस्ता अजून चालू आहे.

आदिवासी मुलांसाठी आणखी एक दार आहे. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत, वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या गटातच, व्यावसायिक वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम धरलेला आहे. उत्पन्नाची अट आहे, कागदपत्रं आहेत, हेलपाटे आहेत, आणि मिळणाऱ्या रकमेत सगळा खर्च भागेलच असं नाही. पण एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालयं नंदुरबारला आहेत आणि तळोद्यालाही आहेत. तिथे जाऊन अर्ज कसा करायचा हे विचारायला मुलांनी संकोच करू नये. किती मुलांनी विचारलं, हे कळल्याशिवाय सरकारलाही कळणार नाही की सातपुड्यातल्या पोरांना आभाळ हवं आहे.

एक प्रसंग सांगून थांबतो. १६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत, प्रशिक्षणाचं एक विमान कोसळलं. प्रशिक्षकाचा मृत्यू झाला, शिकणारी तरुणी जबर जखमी झाली. तिथवर गाडी जाईल असा रस्ता नव्हता. आसपासचे आदिवासी धावले, बांबूला कापडाची झोळी बांधली आणि त्या मुलीला चिखलातून, डोंगरातून खाली आणलं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आजारी माणसाला, अडलेल्या बाईला याच झोळीतून आणतात. लोक तिला 'बांबुलन्स' म्हणतात. त्या दिवशी विमानातलं आकाश आणि झोळीतला डोंगर एकमेकांना भेटले. पडलेल्या माणसाला खांदा द्यायला चार जण लागतात, हे आमच्या डोंगरातल्या माणसांना कुणी सांगावं लागलं नाही. उडू पाहणाऱ्यालाही खांदा लागतो. तो एकट्या बापाचा असून भागणार नाही. समाजाचा आणि सरकारचा खांदा त्याखाली आला, तर या जिल्ह्यातली मुलगी कप्तान होऊन सातपुड्यावरून जाईल, आणि तिच्या बापाची चार एकर खाली जागच्या जागी असतील.